कंटेनरमधला धूप

केळीच्या पोटात सुई खुपसणं हे माझं काम. सुईच्या मागे छोटा पडदा असतो, त्यावर केळ्याच्या आतल्या तापमानाचा आकडा येतो. खोक्यातली एक हिरवी फणी उचलायची, मधल्या केळ्यात सुई घालायची, आकडा स्थिर होईपर्यंत थांबायचं आणि वहीत लिहायचं. ती फणी मग बाद. धुळ्याच्या कॉलेजात तीन वर्षं जंतू शिकून मी हे काम करते, म्हणून माहेरी माझी बरीच थट्टा होते. ‘आमची पोरगी केळ्यांना इंजेक्शन देते,’ असं आई शेजारणींना सांगते. मी तिला एकदाच समजावून पाहिलं, मग सोडून दिलं.

आमचं पॅकहाउस सावद्याच्या बाहेर, रस्त्यालगत आहे. सकाळी बागांमधून घड येतात. बायका फण्या सोडवतात, हौदात धुतात, पुसतात, खोक्यात बसवतात. खोकी थंड खोलीत जातात आणि तिथून कंटेनरमध्ये. कंटेनर म्हणजे चाळीस फुटी लोखंडी खोली, तिच्या एका टोकाला थंड करणारं यंत्र. ट्रकवर असताना त्या यंत्राला वीज द्यायला डिझेलचा जनरेटर जोडलेला असतो, त्याला सगळे जनसेट म्हणतात. ट्रक भुसावळ, जळगाव, धुळे करत मुंबई-आग्रा रस्त्याने बंदरावर जातो. तिथून पुढे जहाज, आणि जहाजातून केळी आखातात. या सगळ्या वाटेवर आकडा एकच राहायला हवा, साडेतेरा अंश. त्याच्या फार खाली गेलं की केळीला थंडी बाधते, साल राखाडी पडते आणि मग ती धड पिकत नाही. वर गेलं की वाटेतच पिकते. साडेतेराला केळं मरतही नाही आणि वाढतही नाही, नुसतं असतं.

त्या वर्षी मीही तशीच होते. आदल्या भाद्रपदात नवरा गेला. चार दिवस ताप, त्यातले दोन जळगावच्या हॉस्पिटलात, आणि पाचव्या दिवशी सगळं आटोपलं. भेटायला येणाऱ्या बायका माझ्या रडण्याची वाट बघत बसायच्या. मी पाणी द्यायचे, चहाचं विचारायचे. एका चुलत सासूने तर माझ्या दंडाला चांगला चिमटा काढला. ‘रड बाई, नही त डोक्यात जाईल,’ म्हणाली. चिमटा लागला, पण कातडीलाच लागला. तेराव्यानंतर आठ दिवसांनी मी कामावर गेले. लोकांनी त्यावरून काय बोलायचं ते बोलून घेतलं.

घरात आम्ही दोघंच उरलो, मी आणि सासरे. त्यांना सगळं गाव आबा म्हणतं, मीही आबाच म्हणते. सासूबाई माझ्या लग्नाआधीच गेल्या होत्या. आम्हाला मूल नव्हतं. सकाळी मी आबांना चहा द्यायचे, ते बागेत जायचे, मी पॅकहाउसला. संध्याकाळी ते देवापुढे धुपाटण्यात गोवरीचा निखारा ठेवून वर ऊद टाकायचे आणि घरभर फिरवायचे. मी भाकरी थापायचे. बोलण्यासारखं फार नव्हतं आणि न बोलल्याचं दोघांनाही काही वाटत नव्हतं.

बाग मात्र होती. नवऱ्याने जाण्याआधीच्या मृगात टिश्यू कल्चरची रोपं लावली होती, परदेशी जाणाऱ्या मालासाठी. ‘आपली केळी आजवर रेल्वेनं दिल्लीला गेली, आता जहाजात बसेल,’ असं तो येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचा. तो गेला तेव्हा रोपं गुडघ्याएवढी होती. पुढचं सगळं आबांनी केलं. सत्तरीतला माणूस, पण घडाघडाला पिशवी चढवण्यापासून केळफूल मोडण्यापर्यंत सगळं स्वतः उभं राहून करून घेतलं. डाग पडलेली फणी दिसली की दिवसभर तोंड पाडून बसायचे. वैशाखात माल तयार झाला. दोन कंटेनर भरतील एवढा माल एकाच दिवशी निघाला.

पॅकहाउसच्या शेठचा एक रिवाज आहे. कोणत्याही बागेचा पहिला माल निघाला की कंटेनरच्या दारावर कुंकवाचं स्वस्तिक काढायचं, चाकाशी नारळ फोडायचा, पेढा वाटायचा. हे सगळं बाहेर. आत काही न्यायचं नाही. तसा बोर्डच आहे भिंतीवर: ‘विडी, उदबत्ती, धूर आणि पिकलेलं फळ आत आणू नये.’ तो बोर्ड मीच रंगवलेला आहे. पिकणाऱ्या फळातून एक वायू सुटतो, तोच वायू धुरातही असतो. तो थोडासा जरी कोंडला गेला तरी झोपलेली हिरवी केळी जागी होते, आणि एकदा जागी झाली की ती पुन्हा झोपत नाही. नव्या बायकांना हे मी दर महिन्याला शिकवते.

त्या दिवशी पहिला कंटेनर भरून झाला. बाराची वेळ, बाहेर डोळे उघडवत नव्हते. मी शेवटच्या खोक्यात सुई घातली, आकडा लिहिला. दारं लावायची एवढ्यात आबा आले. धुतलेलं धोतर, नवी टोपी, आणि हातात घरचं धुपाटणं. घरून सायकलच्या हँडलला अडकवून आणलेलं. निखारे लाल होते. त्यांनी वर मूठभर ऊद टाकला, तूप सोडलं आणि धूर असा उठला की जवळची बाई खोकायला लागली. शेवटची खोकी आणि दार यांच्यामध्ये हातभर जागा उरते, तिथे त्यांनी ते धुपाटणं ठेवलं.

‘दारं लोटा,’ म्हणाले. ‘बठ्ठ्या, सगळ्या मालाले धूप लागू द्या.’

मग त्यांनी मुलाचं नाव घेतलं आणि हात जोडले. शेठनी हात जोडले. फण्या धुणाऱ्या बायका ओल्या हातांनी आल्या, त्यांनी जोडले. ट्रकचा ड्रायव्हर चपला काढून उभा राहिला. तीसेक माणसं तिथे होती, सगळ्यांच्या डोक्यावर माझा बोर्ड होता. कुणालाही काही खटकलं नाही, कारण तो धूर नव्हताच कुणाच्या लेखी. तो धूप होता.

मला विचार आला नाही असं म्हणणं खोटं होईल. विचार आला. पण दुसऱ्याच कुणा बाईला यावा तसा आला, आणि ती बाई काही बोलते का याची मी वाट बघत राहिले. नवरा गेल्यापासून आबांनी कुणाकडे काही मागितलं नव्हतं. मीही हात जोडले.

दारं पाऊण तास लोटलेली राहिली. शेठनी सगळ्यांना पेढे दिले, मग सरबत झालं, मग दुसऱ्या कंटेनरची गडबड सुरू झाली. दार उघडलं तेव्हा धूर बाहेर आला, पण फार थोडा. बाकीचा खोक्यांमध्ये शिरला होता. आबांनी धुपाटणं काढून घेतलं. मी दारं घट्ट लावली, माझ्या हाताने सील ठोकलं आणि कागदावर ‘सर्व ठीक’ असं लिहून सही केली. दुसरा कंटेनर संध्याकाळी भरला. त्याला पूजा नव्हती. एकाच बागेला दोनदा कशाला?

बाराव्या दिवशी शेठनी मला ऑफिसात बोलावलं आणि मोबाइल पुढे धरला. आखातातल्या व्यापाऱ्याने पहिला कंटेनर उघडून फोटो पाठवले होते. सगळं पिवळं. खोकी उघडून एका ओळीत मांडलेली, आणि एकेक फणी अशी सुंदर पिवळी की लग्नाच्या पंगतीत वाढावी. तिकडे ती विकायला आठवडे लागतात, त्यामुळे पिवळी केळी म्हणजे कचरा. माल घ्यायला त्यांनी नकार दिला होता. शेठ डोकं धरून बसले. मी फोटो मोठे करून बघत होते. धूर, असं मनात आलं. एवढा एकच शब्द. बाकी काही वाटलं नाही.

दुसरा कंटेनर हिरवागार पोचला होता. शेठनी हिशोब मांडला आणि तो हिशोब तसा चोख होता. बाग तीच, दिवस तोच, हात तेच. म्हणजे माल ठीक होता. मग फरक कशात? ड्रायव्हरमध्ये. पहिल्या गाडीचा ड्रायव्हर धुळ्याचा. गाडी कुठे किती वेळ थांबली ते कॉम्प्युटरवर दिसतं. ती धुळ्यात त्याच्या घराजवळ अडीच तास उभी होती. वैशाखातलं ऊन. ‘जनसेट बंद करून डिझेल काढलं, दुसरं काय,’ शेठ म्हणाले. असं करणारे ड्रायव्हर असतात, हे खरंच आहे. म्हणून सगळ्यांना पटलं.

त्याला बोलावलं. चाळिशीचा, किरकोळ अंगाचा माणूस. ऑफिसच्या दाराशी चपला काढून उभा राहिला.

‘मी जेवाले थांबनू, शेठ,’ तो म्हणाला. ‘जेवण करं, घटकाभर आडा पडनू. मशीन चालूच व्हतं. गल्लीमा इचारा. आवाजमुळे शेजारनास्नी भांडण करं मनासंगे.’

‘शेजारी तुझेच,’ शेठ म्हणाले.

तेव्हा त्याने माझ्याकडे पाहिलं. ‘ताई, आतमा ते लिखनारं मशीन राहस ना? तेन्हा कागद मंगाडा. तेन्हामा बठ्ठं दिखी.’

त्याचं बरोबर होतं. प्रत्येक कंटेनरमध्ये आम्ही काडेपेटीएवढा एक रेकॉर्डर ठेवतो. तो वाटभर आतलं तापमान लिहीत राहतो, आणि पलीकडचे लोक त्याचा आलेख ई-मेलने पाठवतात. शेठना इंग्रजी ई-मेलचा कंटाळा, ते सगळं माझ्याकडे. ‘काय हो ताई, आलाय का?’ त्यांनी विचारलं. ‘अजून नाही,’ मी म्हटलं. त्या दिवशी ते खरं होतं.

चार दिवसांनी आलेख आला. सावद्यापासून आखातापर्यंत एक सरळ रेघ, साडेतेरावर. धुळ्यात तर ती जरासुद्धा हललेली नव्हती. जनसेट एक मिनिटही बंद पडला नव्हता. मी ते पान पाहिलं, कॉम्प्युटरमध्ये एका फोल्डरात ठेवलं आणि खाली जाऊन सुईचं काम सुरू केलं. दोन दिवसांनी शेठनी जाता जाता परत विचारलं. ‘तिकडच्या लोकांनी नाही पाठवला,’ मी म्हटलं. वाक्य इतकं सहज आलं की माझं मलाच नवल वाटायला हवं होतं. नाही वाटलं. शेठनी पुन्हा विचारलं नाही. ट्रकवाल्या कंपनीने त्या ड्रायव्हरला काढून टाकलं, असं आठवड्याने कळलं. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, ती द्यायला काही मोठं न्यायालय लागत नाही, माझ्यासारखी एक गप्प बाई पुरते.

मी असं का केलं, हे नंतर मला पुष्कळदा विचारावंसं वाटलं स्वतःला. मुलाच्या हातची शेवटची केळी आपणच नासवली हे आबांना कळलं तर ते जगायचे नाहीत, असं मी ठरवून टाकलं होतं. ते अर्धं उत्तर. उरलेलं अर्धं म्हणजे सील माझं होतं, सही माझी होती, बोर्ड माझा होता. मला भीती वाटत होती. बाकी सगळं गोठलं होतं, भीती तेवढी शाबूत होती.

पाऊस आला, गेला. आबांनी त्या कंटेनरचं एकदाही काही विचारलं नाही. शेठनी फोटो त्यांनाही दाखवले होते, ते त्यांनी मान हलवून परत केले होते. तो ड्रायव्हर, ते डिझेल, हे गावात सगळीकडे झालं होतं. आबांनी ऐकून घेतलं होतं. एक बदल झाला होता. संध्याकाळचा धूप बंद झाला होता. देवापुढे ते नुसती समई लावायचे. मला वाटलं, वय झालं, गोवरी पेटवायचा कंटाळा येत असेल.

आश्विनात, वर्षश्राद्ध उरकल्यावर, मी दोन दिवस माहेरी गेले. धुळ्याच्या स्टँडवर उतरले आणि समोर आलेल्या रिक्षात बसले. पत्ता सांगितला तसा रिक्षावाल्याने आरशातून माझ्याकडे पाहिलं. तोच होता.

‘ताई, तुम्ही सावदावाल्या ना?’ त्याला आनंद झाला होता, हे मला अजून समजत नाही, पण झाला होता. रिक्षा दुसऱ्याची, आपण दिवसभर चालवतो, असं त्याने सांगितलं. ट्रकवर कुणी घेत नाही, नाव झालंय. मग म्हणाला, ‘तो कागद उना का?’

‘नाही,’ मी म्हटलं.

‘येई तो. मशीन खोटं बोलस नही. मी बठ्ठास्ले सांगेल शे, कागद येवू द्या, मंग बोला.’

घर येईपर्यंत तो बोलत होता आणि मी रस्त्याकडे बघत होते. उतरल्यावर त्याने भाडं घेतलं नाही. माझा हात पुढे तसाच राहिला आणि रिक्षा वळून गेली. मी आईकडे दोन दिवस राहायला आले होते, दुसऱ्याच सकाळी परत निघाले. आई विचारत राहिली, काय बिनसलं. काय बिनसलं ते मला सांगता येत नव्हतं. मला वाईट वाटत नव्हतं. फक्त तो पाच महिने कागदाची वाट बघतोय आणि कागद माझ्या फोल्डरात आहे, एवढं मला कळत होतं, आणि ते कळणं थांबत नव्हतं.

दुपारी सावद्याला घरी पोचून स्वयंपाक केला आणि आबा जेवायला बसले. कळण्याची भाकरी, ठेचा, वांग्याची भाजी. मी समोर बसले आणि म्हटलं, ‘आबा, ती केळी जनसेटमुळे नाही पिकली.’

ते भाकरी मोडत होते, मोडत राहिले. ‘मले मालूम हाये,’ म्हणाले.

त्यांनी घास खाल्ला, पाणी प्यायले.

‘लगनाच्या आधी धा वर्षं मी जळगावात वखारीत व्हतो, पोरी. केळी पिकवाचंच काम. खोली भरली का कोपऱ्यात गोवऱ्या पेटवाच्या, धुरी द्याची, दार मातीनं लिपून टाकाचं. धूप ठुला तव्हा ध्यानात नही आलं, पन फोटो पाह्यला त्याच घडीले समजलं. हे त माह्यीच धुरी.’

‘मग बोलला का नाहीत?’

‘तुह्या हातचं सील व्हतं. लेक गेला. आता सुनेची नोकरी बी मीच घालवू?’

म्हणजे ते मला वाचवत होते आणि मी त्यांना. एका घरात, एकाच भाजीच्या पातेल्यातून वाढून घेत, पाच महिने आमची अळीमिळी गुपचिळी चालली होती. दुसरं कुणी असतं तर त्यात मायाबिया दिसली असती. मला आम्हा दोघांच्या मधोमध एक तिसरा माणूस दिसला, धुळ्यातला, दुसऱ्याची रिक्षा चालवणारा. आबांनाही तो दिसला असावा. हात धुऊन आले आणि म्हणाले, ‘त्या ड्रायव्हरचं घर कुठी हाये?’

दुसऱ्या दिवशी आम्ही आधी शेठकडे गेलो. आबांनी उभ्यानेच सगळं सांगितलं. मी आलेख छापून शेठच्या पुढे ठेवला. शेठनी ती रेघ या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिली. मग म्हणाले, ‘करायला गेलो गणपती अन् झाला मारुती.’ हसले नाहीत. ट्रकवाल्यांना आजच फोन करतो म्हणाले, आणि केलाही, आमच्यासमोर. मला म्हणाले, यापुढे देव जरी धुपाटणं घेऊन आला तरी दारात अडवायचा. एवढ्यावर माझं भागलं. कागद कधी आला हे त्यांनी विचारलं नाही. आबांनाही वाटलं, कागद आत्ताच आला असेल, म्हणूनच मी बोलायला धजले. मी त्यांना तसं वाटू दिलं.

‘ड्रायव्हरलाही फोनच करू,’ मी म्हटलं. आबा ऐकेनात. ‘माफी पायानं जाऊन मांगा लागते,’ म्हणाले. भुसावळला बस बदलून आम्ही धुळ्याला गेलो. वाटभर ते टोपी मांडीवर ठेवून बसले होते.

दोन खोल्यांचं घर होतं. रिक्षा दारात उभी. ड्रायव्हरने आम्हाला पाहिलं आणि घाईघाईने शर्ट चढवला. त्याच्या बायकोने सतरंजी अंथरली आणि आत चहा ठेवायला गेली. आबा बसले नाहीत. टोपी काढून हातात घेतली.

‘भाऊ,’ ते म्हणाले, ‘तुह्यी काही चूक नव्हती. धूप मी ठुला. त्यानं केळी पिकली. नाव तुह्यं गेलं. मले माफ कर.’

तो आधी गोंधळला. मग मी कागद पुढे केला. आलेख कसा वाचायचा ते त्याला कळेना, म्हणून मी बोट ठेवून दाखवलं: इथे सावदा सोडलं, हे धुळे, हे बंदर, हा समुद्र. त्याने माझं बोट बाजूला सारलं आणि स्वतःचं बोट त्या रेघेवरून हळूहळू फिरवलं. धुळ्यावर आल्यावर थांबला. ‘आठे मी जेवाले बठेल व्हतू,’ म्हणाला, आणि हसला. मोठ्याने, पोट धरून हसला. आबांना हाताला धरून खाली बसवलं. ‘आबा, तुम्ही देवनं करं. धूरले काय समजस? जाऊ द्या.’ आबांच्या डोळ्यांतून पाणी येत होतं, ते पुसायचंही त्यांना भान नव्हतं. मला वाटलं, झालं. सुटलो.

बायको चहा घेऊन आली. कप आमच्यापुढे ठेवले आणि नवऱ्याच्या हातातला कागद घेतला. तिने रेघेकडे पाहिलंच नाही. ती वरच्या कोपऱ्यात बघत होती, तिथे ई-मेल आल्याची तारीख छापलेली असते. तिने ती वाचली, मनात काही मोजलं आणि माझ्याकडे पाहिलं.

‘हाऊ कागद कव्हय उना व्हता?’

आबांनी कप खाली ठेवला.

‘कंटेनर उघडला, त्याच्या चौथ्या दिवशी,’ मी म्हटलं.

आबांनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं. ड्रायव्हरही बघत होता, रिक्षात बसले होते ती मी, आणि ‘नाही’ म्हणाले होते ती मी, हे जुळवत. त्याच्या चेहऱ्यावर राग यावा म्हणून मी थांबले. राग आला नाही. त्याच्या बायकोने कागदाची घडी घातली, परत उलगडली.

‘पाच महिना मी यास्ले रोज इचारं,’ ती म्हणाली. ‘खरं काय ते सांगा. रोज. पोरना डोकावर हात ठेवाले लावं. यास्नी ठेवा. तरी मी मानं नही.’

हे तिने मला ओरडून सांगितलं असतं तर बरं झालं असतं. ती माझ्याकडे बघतही नव्हती. नवऱ्याकडे बघून, खालच्या आवाजात, त्याची माफी मागत बोलत होती. मी केलेल्या गोष्टीची माफी ती मागत होती. मला लाज वाटली.